बोललेली डेग

आर्णीच्या मिलाप भांडी मंडळाकडे एकेचाळीस भांडी होती आणि ती ठेवायला एक खोलीसुद्धा नव्हती. खोली कधी लागलीच नाही. डेगा, गंज, पराती, पसरट कोपरं, सगळं लोकांसाठी आणि सगळं फुकट. लग्न असो, बारसं असो, मयतीनंतरचं जेवण असो. ज्याच्या घरी शेवटचं शिजलं, त्याच्याच घरी भांडं राहायचं, घासून, पुसून, पालथं घालून. पुढच्याला लागलं की तो विचारत विचारत त्या दारात यायचा आणि ज्याच्यासाठी स्वयंपाक आहे त्याचं नाव सांगायचा. पोरीचं लग्न असेल तर पोरीचं, मयतीचं जेवण असेल तर गेलेल्या माणसाचं. नाव सांगितलं की भांडं मिळालं. नाव नाही तर भांडं नाही, मग मागणारा आमदार का असेना.

तारीख लांबची असेल तर आधी येऊन नुसतं नाव सांगून जायचं. मग ती डेग ‘बोललेली’ झाली. बोललेली डेग दुसरा मागत नसे आणि ज्याच्याकडे असेल तो दुसऱ्याला देत नसे. एक गोष्ट मात्र कोणी करायची नाही. मोठं भांडं रिकामं, आपणहून, कोणाच्या दारात नेऊन ठेवायचं नाही. तसं करणं म्हणजे तुमच्या घरी आता मोठा स्वयंपाक निघो, असं म्हटल्यासारखं. आणि तो स्वयंपाक कशाचा निघेल ते कोणी सांगावं?

मटणाच्या भांड्यांच्या कड्यांना लाल रंग दिलेला होता, बाकीची साधी. एवढा एक नियम सोडला तर बाजारातले मुसलमान कारागीर, शिवारातले कास्तकार आणि तांड्यावरची घरं अशा तिन्ही ठिकाणी भांडी चाळीसेक वर्षं फिरत होती. दारव्ह्याकडे दिलेल्या पोरीच्या लग्नात एखादा गंज बोरी अरबला जायचा आणि वर्षभराने परत यायचा. या कारभाराला मंडळ म्हणावं की अफवा, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला नक्की पडला असता. पण चाळीस वर्षांत एक झारासुद्धा हरवला नव्हता. बाहेरच्या माणसांनी चालवलेल्या किती संस्थांना असं सांगता येईल?

मग संस्थांसाठी नवा कायदा आला. नावापुरत्या संस्था काढून जागा गिळणारे लोक कमी नाहीत, त्यांना चाप बसावा म्हणून तो आला, आणि हेतू चांगलाच होता. त्याप्रमाणे प्रत्येक संस्थेने नव्या नमुन्यात नियमावली करायची, नव्याने नोंदणी करायची आणि आपली सगळी मालमत्ता एका पत्त्यावर, एका दिवशी, निरीक्षकाला डोळ्यांनी दाखवायची. जमलं नाही तर नोंदणी रद्द, आणि मालमत्ता जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेच्या हवाली.

ते पत्र आलं तेव्हा अतिया दुकानात होती. बसस्टँडच्या रस्त्यावर दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं तिचं. म्हणजे होतं शाहिदचं. शाहिद तिचा नवरा, हाताला सदा ऑइल लागलेला मेकॅनिक आणि मंडळाचा कार्यवाह. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत यवतमाळच्या दवाखान्यात तो गेला. मय्यत परस्पर कब्रस्तानात नेली, पाच माणसांत फातेहा उरकली आणि जेवण झालंच नाही. तेव्हा कोणाचंच होत नव्हतं. पुढे सगळं उघडलं, ज्यांची राहिली होती त्यांनी त्यांनी आपापली जेवणं केली, तेरव्या केल्या, बरस्या केल्या. अतियाने केलं नाही. सासूने, रशीदाने, एकदा विषय काढला होता. अतिया म्हणाली, आत्ता नको, अम्मी. आणि ते ‘आत्ता’ चार वर्षं पुरलं.

जेवण करायचं तर भांडी मागावी लागणार, आणि भांडी मागायची तर कोणाच्या तरी दारात उभं राहून शाहिदचं नाव सांगावं लागणार. ते तिच्याने होत नव्हतं. त्याऐवजी तिने त्याचं दुकान घेतलं आणि मंडळाचं काम घेतलं. सभासदांनी तिला कार्यवाह निवडलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की बाई सावरली. मंडळ म्हणजे शाहिदचा चालता बोलता भाग आहे आणि तो आपल्या हातात आहे, असं तिला वाटायचं. म्हणून गिऱ्हाईक बाजूला ठेवून तिने ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुकान गेलं असतं तर तिने दुसरं काढलं असतं. हे जाऊ द्यायचं नव्हतं.

अध्यक्ष रहमतचाचांच्या अंगणात बैठक झाली. रहमतचाचा जुने कल्हईवाले. डोळ्यांना आता कमी दिसायचं, पण डेगीवर हात फिरवून ती कोणती ते सांगायचे. त्यांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले की चोरी कोणी केली, आणि झडती आपली का? कोणी म्हणालं, सोडून द्या मंडळ, बिनानोंदणीचंच चालवू. त्यावर अतियाने पत्रातली शेवटची ओळ पुन्हा वाचली, ती दुसऱ्या संस्थेच्या हवालीवाली. मग तो विषय तिथेच मिटला.

“मी करतो म्हनलं तं पूर्ण करीन,” असं शाहिद म्हणायचा, आणि अतियाने तेच आपल्या शब्दांत सांगितलं. “मी करते, चाचा. पूर्ण करते. फक्त मले कोनी मधात आडवं येऊ नका.”

नियमावलीचं काम तिने दुकानात बसून केलं. गिऱ्हाईक ब्रेकच्या केबलचा भाव विचारायचं, आणि ही ‘पदाधिकाऱ्यांची मुदत’ आणि ‘गणसंख्या’ यांत बुडालेली. छापील नमुन्यात एक कलम होतं, मालमत्तेचा ताबा कोणाकडे राहील त्याचं. तिथे लोक सरळ अध्यक्षांचं नाव टाकत. अतियाने तिथे मंडळाची रीत लिहिली: ज्या घरी शेवटचा स्वयंपाक झाला ते घर ताबेदार, आणि नेणाऱ्याने कोणाच्या नावाने नेतो ते सांगून न्यावं, त्याची नोंद कार्यवाह ठेवील. सभासदांनी ते ऐकून माना डोलावल्या. चाळीस वर्षं आपण करतोय त्याला कलम म्हणतात, हे त्यांना आजच कळत होतं.

कागद झाले. अडलं ते भांड्यांपाशी. तपासणीची तारीख यवतमाळच्या कार्यालयाने कळवली होती, संक्रांतीनंतरचा गुरुवार, आणि पत्ता म्हणून अतियाने आपलंच घर दिलं होतं. आता एकेचाळीस भांडी तिच्या अंगणात यायला हवी होती.

ती आधी तांड्यावर गेली. सेवादासकडे दोन गंज होते. त्याने खाट टाकली, पाणी दिलं आणि रीतसर विचारलं, कोणाच्या नावानं?

“कायद्याच्या,” अतिया म्हणाली.

सेवादासने थोडा विचार केला. “त्याचं लगन हाय का मयत?”

ती हसली, तोही हसला, पण गंज काही हलले नाहीत. त्याने हात जोडून सांगितलं की ताई, घरात सून पोटुशी हाय, रिकामा गंज असा बिनानावाचा उंबऱ्याबाहेर काढला तर म्हातारी मले घरात घेणार नाही. बाजारातल्या घरांमध्ये तेच झालं. इंदूबाईने तर परात दाखवली, घासलेली, लखलखीत, आणि म्हणाली की फोटो काढून ने ना बाई. डोंगरसिंगने सांगितलं की शेजारचे देत असतील तर मी देतो, आणि शेजारच्यांनी सांगितलं की डोंगरसिंग देत असेल तर आम्ही देतो. अतियाची स्कूटी आर्णीच्या गल्ल्यांमधून दोन दिवस फिरली आणि एक झारा घेऊन परत आली. झाऱ्याला कोणाचं नाव लागत नसे.

तिला राग आला, आणि तो कायद्याचा नव्हता, आपल्याच लोकांचा होता. इतक्या वर्षांची रीत वाचवायला निघालोय आणि रीतच पाय ओढते आहे, असं तिला झालं. दुसऱ्या दिवशी ती एसटीने यवतमाळला गेली आणि निरीक्षक गेडाम मॅडमना भेटली. घरोघर फिरून भांडी पाहता येतील का, मी स्वतः सोबत येते, असं तिने विचारलं. मॅडम कोरड्या होत्या पण वाईट नव्हत्या. त्यांनी पंखा लावला, बसायला सांगितलं आणि समजावलं की एका तालुक्यात एकाच संस्थेने एकच कपाट तीन घरांत नेऊन तीन कपाटं दाखवली होती, म्हणूनच एक जागा आणि एक वेळ हा नियम आला.

“माझा तुमच्यावर अविश्वास नाही,” त्या म्हणाल्या. “पण मला विश्वास लिहायला रकाना दिलेला नाही. गुरुवारी येते मी.”

परत आल्यावर रहमतचाचांचा पुतण्या जीशान दुकानात वाट पाहत होता. तो एका लॉनवाल्याकडे कॅटरिंगचं काम बघायचा. त्याचा तोडगा तयार होता: लॉनची एकेचाळीस भांडी एका टेम्पोत घालून आणतो, मॅडम मोजतील, सही करतील आणि जातील, डेगीवर काय कोणाचा चेहरा असतो? बोलणं सरळ होतं आणि दिवस थोडे उरले होते. तोंडाने खोटं बोलावंही लागणार नाही, अतियाच्या मनात आलं, एका सहीत सुटतो आपण. मग तिला दिसलं की मंडळ वाचेल ते दुसऱ्याच्या भांड्यांवर, आणि पुढे कधीही कोणी डेग मागायला आलं की आपल्याला हे आठवेल.

“नाही रे,” ती म्हणाली. “शाहिदचं मंडळ भाड्याच्या डेगीवर नाही वाचवायचं.” जीशानने खांदे उडवले. तिने मात्र त्याला चहा पाजूनच पाठवलं, कारण पोरगा मदतीलाच आला होता.

आता राहिली होती थोरली डेग. पाचशे माणसांचा भात एका वेळी शिजवणारी, मंडळाची सगळ्यात पहिली आणि सगळ्यात मोठी. ती पुंडलिकरावांकडे होती. पुंडलिकराव आणि तानाबाई हे गावाबाहेर शेताला लागून राहणारं कास्तकार जोडपं. कापूस, तूर, दोन बैलं आणि लग्न झालेला एक मुलगा. त्यांच्याविषयी कुरबुर बऱ्याच दिवसांची होती. थोरली मागायला जो गेला त्याला तानाबाईने ‘बोललेली हाय’ म्हणून परत पाठवलं होतं. एकाला नाही, चार-पाच घरांना. बोललेली म्हणावी तर ते बोललेलं लग्न कधी लागलंच नाही. तानाबाई डेग दाबून बसली असं लोक उघड म्हणू लागले होते, आणि कार्यवाह म्हणून अतियाने हे केव्हाच विचारायला हवं होतं. पण शाहिदनंतर त्या घरी ती गेलीच नव्हती. आज तिने ठरवलं की काय तो सोक्षमोक्ष लावायचा. थोरली हलली की बाकीच्यांची तोंडं बंद होतील, असा तिचा हिशेब होता.

तानाबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. पुंडलिकरावांनी भाभी आल्या म्हणून तिला आवाज दिला, पाणी आणलं आणि जरा अवघडून बाजूला उभे राहिले. अतियाने पाणी घेतलं, पण बसली नाही. तिने कायदा सांगितला, गुरुवार सांगितला आणि म्हणाली की थोरली डेग माझ्या अंगणात पाहिजे.

“ते बोललेली हाय,” तानाबाई सूप न थांबवता म्हणाली.

अतियाचा आवाज चढला. “मावशी, हे तुमी चार वर्सापासून सांगून राह्यल्या. लोकं माह्याजवळ येऊन बोलतात. आज मले कार्यवाह म्हून सांगा. कोनाच्या नावानं बोललेली हाय?”

तानाबाईने सूप खाली ठेवलं. पदराने हात पुसले. पुंडलिकरावांकडे पाहिलं, तर ते बैलांकडे पाहत होते.

“शाहिदच्या,” ती म्हणाली.

अतियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तानाबाईने तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि एकेक करत सांगितलं. अक्षयच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लग्नाला शाहिदनेच ही डेग दिग्रसहून टेम्पोत घालून आणली होती. दिवसभर डेगीपाशी उभा राहिला, वाढप्यांना ओरडत होता आणि स्वतः जेवला नाही. जाताना म्हणाला, माझं पान राहू द्या, मावशी, मागून येतो. मग टाळेबंदी आली, मग तो गेला. “मले वाटलं चाळीस दिवसानं तू येशीन. मी डेग घासून ठेवली. मंग वाटलं बरसीले येशीन. पुन्हा घासली. लोकं मांगत आले, तं मी म्हनो बोललेली हाय. डेग एकदा गेली अन् दुसऱ्या दिवशी तू आली, तं काय तोंड दाखवू?”

“पन मी तं बोललीच नाही, मावशी.”

“तू नाही बोलली. म्हून तं मले बोला लागलं.”

“मंग मले सांगतलं काहून नाही?”

“कसं सांगू? डेग का कोनी आनून देते? मांगा लागते, बाई. ज्याचं मानूस गेलं त्यालेच मांगा लागते. आमी सारेच वाट पाहून राह्यलो होतो.”

अतिया रडली. चार वर्षांत ती रडली नव्हती असं नाही; दुकानाचं शटर ओढून, न्हाणीत पाणी सोडून, ती पुष्कळ रडली होती. पण माणसांच्या समोर, दुसऱ्या बाईच्या खांद्यावर, अशी रडली नव्हती. आपण एकटेच दुःख धरून बसलोय असं ती समजत होती, आणि इथे एक बाई तिच्या नवऱ्याच्या जेवणासाठी दर सणाला चिंच लावून डेग घासत होती, वरून गावाचे बोल खात होती. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेखाली काहीतरी मोकळं झालं.

बऱ्याच वेळाने ती उठली, ओढणी नीट केली, आणि दारापासून दोन पावलं मागे जाऊन मागणाऱ्याने उभं राहायचं तशी उभी राहिली.

“मावशी, थोरली डेग पाह्यजे.”

तानाबाईला सगळं माहीत होतं. तरी तिने विचारलंच, कारण विचारायचं असतं. “कोनाच्या नावानं?”

“शाहिदच्या. मरहूम शाहिदच्या.” मरहूम म्हणजे कैलासवासी, आणि तो शब्द तिने पहिल्यांदा त्याच्या नावाआधी लावला.

“ने मंग,” तानाबाई म्हणाली.

घरी येऊन तिने रशीदाला सांगितलं. रशीदाने हातातलं काम बाजूला ठेवलं. चार वर्षं तिने मुलाच्या जेवणाचा विषय पोटात ठेवला होता, सून मोडून पडेल या भीतीने. मग तिने एकच विचारलं. “हे तू कायद्यासाठी करून राह्यली का शाहिदसाठी?”

अतियाने खोटं सांगितलं नाही. “निंघाली तवा कायद्यासाठीच निंघाली होती, अम्मी. आता मले मालूम नाही.” रशीदाने मान हलवली आणि मौलानांना विचारून ठेवते म्हणाली. मौलानांनी सांगितलं की गेलेल्याच्या नावाने गोरगरिबाला खाऊ घालायला तारीख लागत नाही.

मग स्कूटी पुन्हा निघाली. या वेळी मागे रशीदा बसली होती. त्याच गल्ल्या, तीच दारं. सेवादासने तसंच विचारलं, कोणाच्या नावानं? अतियाने नाव सांगितलं. तो आत गेला, बायकोशी आपल्या बोलीत काहीतरी बोलला, आणि बाहेर आला तो दोन्ही गंज दोन हातांत घेऊन. इंदूबाईने परात दिली आणि रशीदाच्या गळ्यात पडली. डोंगरसिंगने या वेळी शेजाऱ्यांना विचारलं नाही. कोणी ‘आता एवढ्या वर्षांनी?’ असं म्हटलं नाही. सगळ्यांनी ‘आलीस का’ अशा नजरेने पाहिलं, आणि प्रत्येक दारात ते नाव सांगणं अतियाला थोडं थोडं सोपं होत गेलं. शेवटच्या घरी तर तिने स्वतःहून सांगितलं की शाहिदला दालचा, दुधीभोपळा घातलेली आंबट डाळ, आवडायचा, तोच करणार आहोत.

गुरुवारी सकाळपासून भांडी येऊ लागली. कोणी स्कूटीवर आणली, कोणी डोक्यावर, थोरली बैलगाडीत बसून आली आणि सोबत तानाबाई, जणू मुलीला सासरी पोचवायला निघालेली. मागितलेली असली तरी रिकामी कोणी आणली नाही. कोणाच्या गंजात नवी तूरडाळ होती, कोणाच्या कोपरात कांदे, कोणी तांदूळ, कोणी नुसती कोथिंबीर. रहमतचाचा खुर्चीवर बसून एकेका भांड्यावर हात फिरवत होते आणि नाव सांगत होते, ही अमक्याने दिलेली, हिचं कडं मी बदललं, हिला तळाशी डाग आहे बघ. सगळी भांडी एका अंगणात त्यांनीही कधी पाहिली नव्हती. सभासद झाडून सगळे हजर होते, त्यामुळे गणसंख्येची काळजी कोणाला करावी लागली नाही.

चुली पेटल्या. मटण नाही, लाल कड्यांच्या भांड्यांत नुसतं हात धुवायचं पाणी, म्हणजे सगळ्यांना सगळ्या पंगतीत बसता यावं. फातेहा झाली. पुंडलिकराव टोपी घालून मागे उभे होते आणि इतरांचं पाहून दुआसाठी हात पसरत होते.

गेडाम मॅडम दुपारी आल्या तेव्हा पहिली पंगत उठत होती. त्यांना वाटलं आपण चुकीच्या घरी आलो. जीशानने त्यांना आत आणलं. त्या पदर खोचून कामाला लागल्या, वाफ निघणाऱ्या डेगांमधून फिरल्या, खरकट्या पराती मोजल्या, झारे वाढप्यांच्या हातांत होते ते तिथेच मोजले. एकेचाळीस भरली. मग त्यांनी नियमावली काढली आणि ताब्याच्या कलमावर बोट ठेवलं. एवढी भांडी आज रात्री कुठे असतील, असं त्यांनी विचारलं.

उत्तर अतियाला द्यावं लागलं नाही. रहमतचाचांनी खुर्चीवरूनच सांगितलं की शेवटचं हिच्याकडे शिजलं, म्हणजे हिच्याकडे राहतील. ज्याला लागेल तो इथून नाव सांगून नेईल आणि ही तुमच्या वहीत लिहील. मॅडमनी कलम वाचलं, अंगण पाहिलं, पुन्हा कलम वाचलं. ते जुळत होतं. त्यांनी पत्ता लिहिला.

सही करायला पेन टेकवलं आणि त्या थांबल्या. एरवी वापरात नसलेली मालमत्ता केवळ दाखवण्यापुरती जमवली असेल तर तसा शेरा मारावा लागतो, आणि शेरा लागला की नोंदणी अडकते. त्यांनी चष्म्यावरून अतियाकडे पाहिलं. आजूबाजूचे वाढपी थांबले. जीशानने हळूच मान खाली घातली.

“खरं सांगा,” मॅडम म्हणाल्या. “हे सगळं आज तपासणीसाठीच जमवलंय ना?”

अतियाच्या हातात दालच्याची बादली होती. ती तिने खाली ठेवली नाही.

“तारीख तुमची हाय, मॅडम,” ती म्हणाली. “जेवन माह्या नवऱ्याचं हाय. चार वर्षं राह्यलं होतं.”

मॅडमनी सही केली. पेनाला टोपण लावलं, कागद पिशवीत ठेवले, आणि हात कुठे धुवायचे ते विचारलं.